निसर्गाची कैवारीण

वाशिम जिल्ह्यातील मानोरा हे वऱ्हाडच्या मुलखातले तालुक्याचे गाव. श्रावण-भाद्रपदात या तालुक्याच्या शिवारातून जावे, तर कपाशी, तूर आणि सोयाबीन यांच्या हिरव्यागार पट्ट्यांनी डोळे निवतात. पण याच दिवसांत मावा, तुडतुडे आणि बोंडअळी यांचाही सुळसुळाट होतो. वर्षाची मिळकत किडीच्या तोंडी जाऊ नये म्हणून शेतकरी पाठीवर पंप घेतो आणि पऱ्हाटीच्या ओळींतून फवारा मारीत फिरू लागतो. औषधाचे बारीक तुषार पानांवर पडतात. काही वाऱ्याबरोबर धुऱ्यापलीकडे जातात. काही खाली मातीत पडतात. कीड मरते, पीक वाचते आणि शेतकऱ्याचा जीव भांड्यात पडतो.

पण जे तुषार किडीच्या अंगावर पडलेच नाहीत, त्यांचे पुढे काय होते? मातीत जिरले म्हणजे ते संपले काय? पावसाचे पाणी शेतातून ओढ्यात येते, ओढ्यातून अरुणावती नदीत आणि पुढे पैनगंगेत जाऊन मिळते. ते पाणी या विषाचा अंश आपल्याबरोबर नेत नसेल काय? हे प्रश्न आज कोणाही विचारी माणसाला सुचतात. परंतु एक काळ असा होता, की असे प्रश्न विचारणे म्हणजे विज्ञानाला आणि प्रगतीला विरोध करणे होय, असे मोठमोठ्या जाणत्या लोकांनाही वाटत असे. त्या काळी अमेरिकेतील एका शांत, मितभाषी स्त्रीने हे प्रश्न साऱ्या जगासमोर मांडले आणि त्यांची उत्तरे पुराव्यानिशी शोधून दाखवली. तिचे नाव रेचेल कार्सन.

रेचेलचा जन्म २७ मे १९०७ रोजी अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात, अ‍ॅलेघेनी नदीच्या काठी असलेल्या स्प्रिंगडेल या लहानशा गावी झाला. तीन भावंडांत ती सर्वांत धाकटी. घरची परिस्थिती बेताचीच होती. परंतु घराभोवती पासष्ट एकरांची मोकळी जमीन होती. तीत सफरचंदाची झाडे होती, रान होते, ओढा होता. आई मरिया ही लग्नापूर्वी शिक्षिका होती. ती रेचेलला हाताशी धरून रानात हिंडे, पाखरांचे आवाज ओळखायला शिकवी, फुलांची नावे सांगे. घरात एखादा किडा शिरला, तर ती त्याला न मारता अलगद बाहेर नेऊन सोडी. जिवंत वस्तूविषयी आदर बाळगण्याचा पहिला धडा रेचेलला आईकडून मिळाला तो असा.

नदीच्या पलीकडचे जग मात्र निराळे होते. जवळच पिट्सबर्ग हे पोलादाच्या कारखान्यांचे मोठे शहर होते. नदीतून कोळशाने भरलेल्या नावा ये-जा करीत. पुढे गावाजवळच कोळशावर चालणारी वीजकेंद्रे उभी राहिली आणि त्यांच्या धुराड्यांतून निघणारा धूर आकाशात पसरू लागला. एकीकडे पाखरांनी गजबजलेले रान आणि दुसरीकडे धुराने काळवंडणारे आकाश, अशी ही दोन जगे रेचेलने लहानपणापासून एकमेकांशेजारी पाहिली.

तिला वाचनाचा आणि लिहिण्याचा मोठा नाद होता. अकरा वर्षांची असताना तिने एका वैमानिकाच्या पराक्रमाची गोष्ट लिहून मुलांच्या एका प्रसिद्ध मासिकाकडे पाठवली. ती छापून आली, इतकेच नव्हे तर तिला बक्षीसही मिळाले. आपण लेखिका व्हायचे, असे त्या दिवसापासून तिने मनाशी ठरवून टाकले.

पुढे पिट्सबर्ग येथील महिला महाविद्यालयात ती इंग्रजी साहित्य शिकण्यासाठी दाखल झाली. मुलीचे शिक्षण अडू नये म्हणून आई शिकवण्या घेई, सफरचंदे आणि कोंबड्या विकी. पैसा कमी पडला तेव्हा तिने घरातील चिनी मातीची भांडीही विकली. महाविद्यालयात मेरी स्किंकर नावाच्या बाई जीवशास्त्र शिकवीत. त्यांच्या तासाला रेचेलपुढे एक नवेच दालन उघडले. साहित्याचा अभ्यास सोडून तिने जीवशास्त्र घेतले. त्या काळी मुलींनी विज्ञान शिकणे ही दुर्मीळ गोष्ट होती. शास्त्राची वाट धरली म्हणजे लेखिका होण्याचे स्वप्न सोडावे लागणार, असे तिला वाटले. वास्तविक त्या स्वप्नाला विषय मिळाला तो याच वाटेवर.

१९२९ मध्ये ती पदवीधर झाली. त्याच उन्हाळ्यात वूड्स होल येथील सागरी प्रयोगशाळेत काम करण्याची संधी तिला मिळाली. जिने समुद्राविषयी पुस्तकांत वाचून वाचून त्याचा ध्यास घेतला होता, तिने तेथे पहिल्यांदा समुद्र पाहिला. त्यानंतर जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात तिने प्राणिशास्त्राचा अभ्यास केला आणि १९३२ मध्ये एम.ए.ची पदवी मिळवली. डॉक्टरेट मिळवण्याची तिची इच्छा होती. परंतु ते दिवस मोठ्या आर्थिक मंदीचे होते. घर चालवण्यासाठी तिला शिक्षण सोडावे लागले. १९३५ मध्ये वडील वारले आणि आईची जबाबदारी तिच्यावर आली. दोनच वर्षांनी थोरली बहीण निवर्तली. तिच्या दोन लहान मुलींचा सांभाळही रेचेल आणि तिची आई यांनी आपल्याकडे घेतला.

पोटापाण्यासाठी रेचेलने सरकारच्या मत्स्यव्यवसाय खात्यात काम धरले. प्रथम आकाशवाणीसाठी सागरी जीवनावरील लहान लहान कार्यक्रम लिहिण्याचे काम तिच्याकडे आले. खात्याच्या परीक्षेत तिने सर्वांत अधिक गुण मिळवले आणि १९३६ मध्ये ती तेथे जीवशास्त्रज्ञ म्हणून कायम झाली. त्या खात्यात अशा शास्त्रीय पदावर नेमली गेलेली ती केवळ दुसरी स्त्री होती. दिवसभर कचेरीचे काम, संध्याकाळी घरचे काम आणि रात्री लेखन, असा तिचा क्रम वर्षानुवर्षे चालला.

कार्सनबाईंचे पहिले पुस्तक १९४१ मध्ये निघाले. पण तेवढ्यात अमेरिका महायुद्धात उतरली आणि पुस्तकाकडे कोणाचे फारसे लक्ष गेले नाही. त्या निराश झाल्या नाहीत. १९५१ मध्ये समुद्राच्या जीवनकथेवरील त्यांचे दुसरे पुस्तक प्रसिद्ध झाले आणि पाहता पाहता घरोघर पोचले. ऐंशीहून अधिक आठवडे ते सर्वाधिक खपाच्या पुस्तकांच्या यादीत राहिले. शास्त्रातील अवघड गोष्टी सोप्या, रसाळ भाषेत सांगण्याची त्यांची हातोटी लोकांना फार आवडली. १९५२ मध्ये त्यांनी नोकरी सोडली आणि सगळा वेळ लेखनाला दिला. आता समुद्रकिनारी राहावे, शंखशिंपल्यांचे निरीक्षण करावे आणि सुखाने पुस्तके लिहावी, एवढीच त्यांची इच्छा होती. पण त्यांच्या हातून याहून मोठे कार्य व्हायचे होते.

ते कार्य समजण्यासाठी एका रसायनाची हकिकत जाणून घेतली पाहिजे. डी.डी.टी. हे ते रसायन. १८७४ मध्ये ते प्रथम प्रयोगशाळेत तयार झाले. परंतु त्याचा उपयोग कोणालाच ठाऊक नव्हता. १९३९ मध्ये स्वित्झर्लंडमधील पॉल म्युलर या शास्त्रज्ञाला आढळले, की त्याच्या नुसत्या स्पर्शाने कीटक मरतात. महायुद्धात उवांमुळे पसरणारा टायफस ज्वर त्याने आटोक्यात आला आणि हजारो लोकांचे प्राण वाचले. १९४८ मध्ये म्युलर यांना नोबेल पारितोषिक मिळाले. भारतातही या रसायनाने मोठी कामगिरी केली. स्वातंत्र्य मिळाले तेव्हा आपल्या देशात दरवर्षी सुमारे साडेसात कोटी लोकांना हिवताप होई आणि सुमारे आठ लाख लोक त्यात दगावत, असा अंदाज होता. १९५३ मध्ये सरकारने हिवतापाविरुद्ध देशव्यापी मोहीम हाती घेतली, घराघरांच्या भिंतींवर डी.डी.टी. फवारले आणि १९६५ पर्यंत रोग्यांची संख्या एक लाखाच्या आसपास आली. एवढे गुण ज्याच्या अंगी, त्याच्यात काही दोष असेल, अशी शंका कोणाला यावी?

दोष होता तो मात्र त्याच्या गुणांतच दडलेला होता. डी.डी.टी. हे कार्बन, हायड्रोजन आणि क्लोरीन यांचे संयुग आहे. रसायनशास्त्रात अशा कार्बनयुक्त संयुगांना सेंद्रिय संयुगे म्हणतात. शेणखतासारख्या सेंद्रिय खताशी त्यांचा घोटाळा करू नये; नावाचे साम्य सोडले तर दोहोंत काही सारखे नाही. शेणखत मातीत कुजते आणि तिचा कस वाढवते. डी.डी.टी. लवकर कुजत नाही, की विरतही नाही. मातीत ते वर्षानुवर्षे टिकून राहते. पाण्यात ते जवळजवळ विरघळत नाही. चरबीत मात्र सहज विरघळते. म्हणून प्राण्याच्या पोटात गेलेले डी.डी.टी. लवकर बाहेर पडत नाही, त्याच्या चरबीत साठत राहते.

युद्ध संपल्यावर हे आणि याच जातीची दुसरी रसायने स्वस्त झाली. शेते, राने, दलदली, एवढेच नव्हे तर गावे आणि शहरे यांवरही विमानांतून त्यांचा पाऊस पाडला जाऊ लागला. कार्सनबाईंना १९४५ मध्येच याविषयी काळजी वाटू लागली होती. त्यांनी एका नियतकालिकाकडे लेखाची कल्पना पाठवली. परंतु संपादकांना हा विषय वाचकांना रुचेल असे वाटले नाही. तो विषय त्यांच्या मनात तेरा वर्षे घोळत राहिला.

१९५८ च्या जानेवारीत मॅसॅच्युसेट्स राज्यातील एका मैत्रिणीचे पत्र त्यांच्या वाचनात आले. डासांच्या नाशासाठी तिच्या गावावरून विमानाने डी.डी.टी. फवारले होते. त्यानंतर तिने जपलेल्या बागेत पाखरे मरून पडलेली आढळली. त्यांच्या चोची उघड्या होत्या आणि पायांची बोटे छातीशी आखडलेली होती. ते पत्र वाचून कार्सनबाई अस्वस्थ झाल्या. दुसरे कोणी लिहीत नाही, तर आपणच लिहिले पाहिजे, असा त्यांनी निश्चय केला.

त्या भावनेच्या भरात लिहायला बसल्या नाहीत. प्रथम त्यांनी पुरावा जमवण्यास आरंभ केला. देशोदेशींच्या शास्त्रज्ञांना पत्रे लिहिली, सरकारी अहवाल वाचले, वैद्यांना आणि शेतकी तज्ज्ञांना प्रश्न विचारले. हळूहळू निरनिराळ्या ठिकाणच्या घटनांतून एकच सूत्र त्यांना दिसू लागले.

मिशिगन राज्यातील एका विद्यापीठाच्या आवारात एल्म नावाचे उंच वृक्ष होते. भुंगेऱ्यांमुळे पसरणाऱ्या रोगापासून त्यांचे रक्षण करण्यासाठी १९५४ पासून त्यांच्यावर डी.डी.टी. फवारले गेले. शरदात विषारी पाने गळून मातीत पडली. ती पाने गांडुळांनी खाल्ली. बहुतेक गांडुळे जगली. पण विष त्यांच्या शरीरात साठले. वसंतात रॉबिन पक्षी परतले आणि त्यांनी ती गांडुळे खाल्ली. अकरा मोठी गांडुळे पोटात गेली, तरी तेवढे विष एका रॉबिनला पुरे होई. फवारा मारला झाडावर, मारायचे होते भुंगेऱ्यांना आणि मेले ते पाखरू. तेही त्याच दिवशी नव्हे, तर पुढल्या वर्षी.

कॅलिफोर्नियातील क्लिअर लेक या सरोवराची कथा याहून विलक्षण होती. तेथील चिलटांचा उपद्रव थांबवावा म्हणून १९४९ मध्ये डी.डी.टी.शी जवळचे नाते असलेले एक रसायन पाण्यात टाकले. त्याचे प्रमाण सात कोटी भाग पाण्यात एक भाग इतके क्षुल्लक होते. पुढे १९५४ आणि १९५७ मध्ये ते थोडे वाढवून पुन्हा टाकले. त्यानंतर सरोवरावरचे ग्रीब पक्षी मरू लागले. आपल्याकडील तळ्यांत बुड्या मारणारी टिबुकली ही याच पक्ष्यांच्या कुळातली. मेलेल्या पक्ष्यांची चरबी तपासली, तेव्हा तीत दहा लाख भागांत सोळाशे भाग विष निघाले. एवढे विष आले कोठून? पाण्यातील अतिसूक्ष्म जीवांनी ते थोडे थोडे शोषले होते. ते जीव लहान माशांनी खाल्ले, लहान मासे मोठ्या माशांनी खाल्ले आणि मासे पक्ष्यांनी खाल्ले. अन्नाच्या या साखळीत एकेक पायरी चढताना विषाचे प्रमाण वाढत गेले होते. तेथे पूर्वी ग्रीब पक्ष्यांच्या हजारावर जोड्या घरटी करीत. १९६० पर्यंत त्या सुमारे तीस उरल्या.

माणूस तर या साखळीच्या शेवटच्या टोकाला आहे. तो धान्य खातो, मासे खातो, दूध पितो. मग मातीत आणि पाण्यात टाकलेले विष फिरून त्याच्याकडे आल्यावाचून कसे राहील? कार्सनबाईंच्या शोधाचे सार हेच होते. निसर्गात कोणतीही वस्तू एकटी नसते, म्हणून विषही जेथे टाकावे तेथे राहत नाही. अशा द्रव्यांना केवळ कीटकनाशक म्हणणे बरोबर नाही, जीवनाशक म्हटले पाहिजे, असे त्यांनी सुचवले. आपल्याकडे शेतकरी फवाऱ्याच्या विषाला औषध म्हणतो. कार्सनबाईंची ही सूचना मनात ठेवली, तर तो शब्द किती जपून वापरला पाहिजे हे कळते.

हे पुस्तक लिहिण्यास त्यांना चार वर्षे लागली आणि ती चारही वर्षे त्यांच्या परीक्षेचीच ठरली. लिखाणाला आरंभ होतो न होतो, तोच १९५८ च्या डिसेंबरात आई वारली. त्याआधी सुमारे दोन वर्षांपूर्वी भाची मरण पावली होती आणि तिचा पाच वर्षांचा मुलगा रॉजर याला कार्सनबाईंनी दत्तक घेतले होते. १९६० मध्ये त्यांना स्वतःला कर्करोगाने गाठले. शस्त्रक्रिया झाली, पण रोग हटला नाही. डोळ्यांना सूज येऊन काही काळ त्यांना वाचताही येईना. तेव्हा मदतनिसाकडून वाचून घेऊन त्यांनी मजकूर तपासला. आपल्या आजाराची वाच्यता मात्र त्यांनी कोठेही होऊ दिली नाही. स्वतःला कर्करोग झाला म्हणून रागाने हे पुस्तक लिहिले, असे म्हणण्यास विरोधकांना वाव मिळू नये, ही त्यांची दक्षता होती.

२७ सप्टेंबर १९६२ रोजी पुस्तक प्रसिद्ध झाले. त्याचे नाव सायलेंट स्प्रिंग, म्हणजे मूक वसंत. ज्या गावात वसंत ऋतू येतो पण गाणारे एकही पाखरू उरलेले नाही, अशा एका कल्पित गावाच्या वर्णनाने ते सुरू होते. शेवटी आधारभूत ग्रंथांची आणि शोधनिबंधांची पन्नासांहून अधिक पानांची यादी होती. एकही विधान आधारावाचून करायचे नाही, हा त्यांचा बाणा होता.

पुस्तक निघताच मोठे वादळ उठले. रसायने तयार करणाऱ्या कारखानदारांनी त्यांच्याविरुद्ध पत्रके काढली. खटला भरण्याची धमकीही देण्यात आली. कोणी म्हणाले, ही बाई डॉक्टरेटसुद्धा नाही; कोणी त्यांना भावनाविवश ठरवले; हिचे ऐकले तर जगात दुष्काळ आणि रोग माजतील, असेही काहींनी सांगितले. कार्सनबाईंनी कोणालाही अपशब्द वापरला नाही. सर्व कीटकनाशके बंद करा, असे त्यांनी कधीच म्हटले नव्हते. त्यांचा आक्षेप होता तो परिणामांची चौकशी न करता, लोकांना कल्पना न देता केलेल्या बेसुमार वापराला. उलट, अतिवापर केला तर डास आणि किडी त्या विषाला सरावतात आणि मग गरजेच्या वेळी ते निकामी ठरते, हेही त्यांनी दाखवून दिले होते. भारतात पुढे तसेच घडले. डासांना डी.डी.टी.ची सवय झाली, मोहिमेत ढिलाई आली आणि इतर कारणांचीही त्यात भर पडली. १९७६ मध्ये हिवतापाच्या रोग्यांची संख्या पुन्हा चौसष्ट लाखांवर गेली.

१९६३ च्या एप्रिलमध्ये दूरदर्शनवर त्यांची मुलाखत झाली. आजाराने खंगलेल्या कार्सनबाई संथ, सौम्य आवाजात आपले म्हणणे सांगत होत्या आणि लाखो लोक ते ऐकत होते. अध्यक्ष केनेडी यांनी या प्रश्नासाठी शास्त्रज्ञांची समिती नेमली होती. तिचा अहवाल मे महिन्यात आला आणि त्याने कार्सनबाईंच्या मुख्य म्हणण्याला दुजोरा दिला. जूनमध्ये त्यांनी अमेरिकेच्या सिनेटच्या समितीपुढे साक्ष दिली. त्यानंतर वर्षही उलटले नाही, तोच १४ एप्रिल १९६४ रोजी, वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी, त्यांची प्राणज्योत मालवली. त्यांच्या रक्षेचा काही भाग त्यांच्या आवडत्या सागरकिनाऱ्यावर विसर्जित करण्यात आला.

आपल्या श्रमाचे फळ त्यांना पाहता आले नाही. पण ते जगाला मिळाले. १९७० मध्ये अमेरिकेत पर्यावरणाच्या रक्षणासाठी स्वतंत्र सरकारी संस्था स्थापन झाली आणि १९७२ मध्ये त्या देशात शेतीसाठी डी.डी.टी.चा वापर बंद करण्यात आला. डी.डी.टी.मुळे गरुड आणि ससाणे यांच्या अंड्यांची कवचे पातळ होऊन ती फुटत, हे तोवर सिद्ध झाले होते. बंदीनंतर ही पाखरे पुन्हा वाढू लागली. नामशेष होऊ घातलेला अमेरिकेचा राष्ट्रीय पक्षी, पांढऱ्या डोक्याचा गरुड, २००७ मध्ये धोक्यात असलेल्या जातींच्या यादीतून वगळण्यात आला.

शास्त्रज्ञांनी शोध पुढे चालू ठेवला, तेव्हा कार्सनबाईंच्या वर्णनापेक्षाही हा प्रश्न मोठा निघाला. ही द्रव्ये उष्ण प्रदेशात हवेत मिसळतात, वाऱ्याबरोबर हजारो मैल जातात आणि थंड प्रदेशात पुन्हा जमिनीवर उतरतात. जेथे कधी शेतीच झाली नाही, अशा उत्तर ध्रुवाकडील अस्वलांच्या चरबीत आणि तेथील मातांच्या दुधात ती सापडली. म्हणून २००१ मध्ये स्टॉकहोम येथे अनेक राष्ट्रांनी करार केला आणि प्रारंभी बारा दीर्घस्थायी सेंद्रिय प्रदूषकांवर निर्बंध घातले. त्यांत डी.डी.टी.सारखी कीटकनाशके होती. विजेच्या रोहित्रांतील तेलासाठी वापरली जाणारी काही रसायने होती. आणि डायॉक्सिन व फ्युरान ही कोणीही हेतुपुरस्सर न बनवलेली विषेही होती. प्लॅस्टिकसारखा कचरा उघड्यावर जाळला असता ही शेवटची दोन विषे धुरात तयार होतात. अशी प्रदूषके दीर्घकाळ शरीरात साठत राहिली, तर मज्जासंस्था, शरीराची वाढ, गर्भातील बालक आणि रोगांशी झुंजण्याची शक्ती यांना अपाय होऊ शकतो. डायॉक्सिनच्या जातीतील सर्वांत जहाल द्रव्य कर्करोगाला कारण होते, हे सिद्ध झाले आहे. २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने डी.डी.टी.मुळेही माणसाला कर्करोग होण्याचा दाट संभव असल्याचा निर्णय दिला.

भारत सरकारने १९८९ मध्ये शेतीत डी.डी.टी. वापरण्यास बंदी केली. रोगनिवारणासाठी तेवढी मर्यादित मुभा ठेवली. स्टॉकहोमच्या कराराला आपल्या देशाने २००६ मध्ये मान्यता दिली. कापसावर फवारल्या जाणाऱ्या एंडोसल्फान या विषावर २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली. पुढे आलेली पुष्कळशी कीटकनाशके मातीत फार काळ टिकत नाहीत. परंतु फवारणाऱ्याला त्यांच्यापासून असलेला धोका तत्काळ आहे. २०१७ च्या पावसाळ्यात मानोऱ्याला लागूनच असलेल्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना शेकडो शेतकरी आणि शेतमजूर यांना विषबाधा झाली. वीसहून अधिक माणसे दगावली. त्या साली पऱ्हाटी माणसाच्या डोक्याएवढी वाढली होती, त्यामुळे फवारा चेहऱ्यावर येई. निरनिराळी विषे एकत्र मिसळली जात होती. हातमोजे, नाकातोंडावरील संरक्षण आणि पूर्ण अंगाचे कपडे पुष्कळांजवळ नव्हते.

विषाचा उपयोग शेवटचा उपाय म्हणून करावा आणि किडींचे निसर्गातील शत्रू आपले साथी मानावेत, ही वाट कार्सनबाईंनी आपल्या पुस्तकाच्या अखेरीस दाखवली होती. तीच वाट आज एकात्मिक कीड व्यवस्थापन या नावाने ओळखली जाते. मावा खाणारा ढालकिडा वाचवावा. पतंग पकडण्यासाठी कामगंध सापळे लावावेत. निंबोळीचा पाच टक्के अर्क फवारावा. आणि एवढे करूनही किडीने नुकसानीची मर्यादा ओलांडली, तरच रासायनिक फवारा घ्यावा. तोही वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने न फवारता, अंग झाकून आणि चिठ्ठीवरील प्रमाण पाहून घ्यावा. रिकामे डबे पाण्यासाठी वापरू नयेत आणि प्लॅस्टिक जाळू नये. अकोल्याचे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ विदर्भातील शेतकऱ्यांना एकात्मिक कीड व्यवस्थापनाचीच शिकवण देते.

रेचेल कार्सन यांच्याजवळ सत्ता नव्हती, संपत्ती नव्हती आणि शेवटी आरोग्यही राहिले नव्हते. त्यांच्याजवळ होती ती बारकाईने पाहण्याची सवय, पुराव्यावाचून न बोलण्याची शिस्त आणि सत्य दिसल्यावर गप्प न बसण्याचे धैर्य. बागेतील मेलेल्या पाखरांविषयी वाचून ती कशाने मेली, असा प्रश्न त्यांनी केला आणि उत्तर मिळेपर्यंत तो सोडला नाही. शेतात, पाणवठ्यावर किंवा आकाशात काही बदलले, तर ते आपल्या डोळ्यांना दिसले पाहिजे आणि का बदलले ते आपण विचारले पाहिजे. त्यांच्या चरित्रातून घेण्यासारखे हेच आहे, आणि ते मुलांनाही सहज जमण्यासारखे आहे.